हातभर अंतरावर

शिट्टीबाई दुकानात आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची वाकलेली दांडी सरळ करत होते. दुकान चष्म्यांचं, म्हणजे नवऱ्याचं. मागची अर्धी खोली माझ्या कॅमेऱ्यांची. त्या दारातच थांबल्या. उंच, सडपातळ, केस मागे घट्ट बांधलेले. शाळेत खेळ शिकवतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. त्यांच्या गळ्यात शिट्टी नसलेली मी प्रथमच पाहत होते. अर्थात त्याआधी मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, आणि तेही लेन्समधून.

मला वाटलं, भांडायला आल्या. तो त्यांचा हक्कच होता. चार दिवसांपूर्वी मी चौकशी समितीसमोर बसून सांगितलं होतं, की सायकलींची शर्यत चालू असताना एक म्हातारबाबा रस्त्यात उतरून सायकलींखाली सापडले तेव्हा या बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या. सांगून वर सहीही केली होती.

गिऱ्हाईक गेलं. त्या काउंटरपाशी आल्या.

"मॅडम, एक विचारायचं होतं. रागावणार नाही ना?"

"मी कशाला रागावू?"

"त्या वेळी मी कुठे उभी होते?"

मला प्रश्नच कळला नाही. कुणाला तरी 'मी कुठे होते' असं विचारायची वेळ कुणावर का येईल?

"म्हणजे, मला आठवतं त्याप्रमाणे मी वळणावर होते," त्या म्हणाल्या. "मला तिथेच उभं केलं होतं. 'तुमची जागा वळण, काही झालं तरी हलायचं नाही.' मी हलले नाही. पण पेपरात तुमचा फोटो आला आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय, की हलले असेन. शेजारीच उभी होते आणि हात पुढे केला नाही, असंच दिसतं रोज. आता तर त्यांच्या पिशवीतली भाजीसुद्धा दिसते मला. खरं तर ती मी कधी पाहिलीच नाही. तुम्ही बघत होता. तुम्हीच सांगा."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"तुम्ही माझ्या फोटोत जिथे होता, तिथे होता," मी म्हणाले. चाळीस-पन्नास शब्द समोर असताना माणूस नेमके हेच सात का उचलतो, मला माहीत नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी समितीचा अहवाल आहे. त्यात माझं नाव आलं तर शाळा पुढच्या वर्षी ठेवणार नाही. ते एक असो. पण आई रोज विचारते, 'तू खरंच बघत राहिलीस का गं?' तिला काय सांगू, ते कळत नाही."

आणि त्या गेल्या.

आता त्या फोटोबद्दल सांगायला हवं.

मी फोटोग्राफी कुणाकडे शिकले नाही. नवऱ्याच्या दुकानात भिंगं पुसता पुसता भिंगांची गोडी लागली. एक जुनाट कॅमेरा दुरुस्तीला आला आणि त्याचा मालक परत आलाच नाही, तिथून सुरुवात. चाळिशीत पक्षी टिपले, पंचेचाळिशीत सामने, आणि आता इथल्या दैनिकाला खेळांचे फोटो देते. माझी तीनशे मिलिमीटरची लेन्स मी तीन वर्षं वाट बघून घेतली, तीही वापरलेली. चांगली पावणेतीन किलोची. घरात नवरा तिला 'जावई' म्हणतो. कारण ती मऊ गादीच्या पेटीत झोपते, प्रवासात खिडकीची जागा तिची, आणि तिला धक्का लागला तर घरात दोन दिवस अबोला. लांबचं टिपायचं असलं की मी तिच्यामागे एक छोटं भिंग जोडते, तीनशेची सहाशे होते. नवरा म्हणतो, जावयाचे आईवडीलही आले मुक्कामाला.

त्या रविवारी सकाळी शर्यत होती. लांबलचक सरळ रस्ता, पलीकडच्या टोकाला वळण. मी शेवटच्या रेषेजवळ, रस्त्याच्या मधोमध असलेल्या कट्ट्यावर लेन्स तीन पायांवर लावून बसले. इतक्या लांबून समोरून येणाऱ्या सायकली टिपण्यात एक गंमत असते. पन्नास मीटरांत पसरलेले स्वार एकमेकांच्या पाठीवर बसल्यासारखे दिसतात, विजेचे खांब कंगव्याच्या दातांसारखे दाटतात, सगळा रस्ता एका खोलीत कोंबल्यासारखा होतो. खरं तर यात लेन्सची जादू काही नाही. तुम्ही लांब उभे असलात की दूरच्या आणि त्याहून दूरच्या वस्तूंतला फरकच उरत नाही. लेन्स फक्त तेवढाच तुकडा कापून मोठा करते. हे मी फोटोग्राफीच्या हौशी मंडळात दरवर्षी शिकवते. फळ्यावर खांब काढून शिकवते. मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही.

मी उजव्या डोळ्याने बघते, डावा मिटते. शर्यत चालू असताना डावा उघडायचा नाही, ही माझी सवय. डावा उघडला की गर्दी दिसते, नवऱ्याने डब्यात काय दिलंय ते आठवतं, आणि क्षण निसटतो. त्या सकाळी अर्धा तास माझ्यासाठी जग म्हणजे तो चौकोन होता. चौकोनात डाव्या कडेला म्हातारबाबांनी पिशवी सावरत रस्त्यावर एक पाय ठेवला. त्यांच्या खांद्यामागे शिट्टीबाई, शिट्टी हातात, मान वळवून बाजूला बघत होत्या. उजवीकडून पाच सायकली, पाचही तोंडं आवळलेली. मी बटण दाबून धरलं. नऊ फोटो निघाले. मग आवाज आला आणि मी डोळा काढला.

म्हातारबाबांचं खुब्याचं हाड मोडलं. ते अजून दवाखान्यात आहेत. त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नाही. एका स्वाराचा खांदा निखळला. आणि माझा फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर अर्धं पान भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा. संपादकांनी फोन करून सांगितलं, "ताई, असा फोटो दहा वर्षांत पाहिला नाही." मी लाजले. खोटं कशाला बोलू, सुखावलेही. एक माणूस दवाखान्यात पडलेला असताना मी तो अंक चार घरी वाटला.

फोटो छापून आल्यावर सगळ्यांनाच आठवायला लागलं. दोघा बघ्यांनी समितीला सांगितलं, ती बाई म्हाताऱ्याच्या शेजारीच होती. त्यांतला एक तर शेवटच्या रेषेजवळ, माझ्या मागे उभा होता.

शिट्टीबाई गेल्यावर मी काउंटरवर तशीच बसले होते. नवरा आतून सगळं ऐकत होता. तो हातात चाचणीचं भिंग घेऊन बाहेर आला.

"किती लांब होती गं ती?"

"सांगितलंय मी समितीला. हातभर."

"मोजलंस?"

"अहो, पाहिलं ना मी!"

"कुठल्या डोळ्याने?"

"उजव्या."

"आणि डावा?"

"मिटलेला."

"माझ्याकडे गिऱ्हाईक एक डोळा मिटून बसतं," तो म्हणाला, "तेव्हा मी त्याला अक्षरं वाचायला सांगतो. सुईत दोरा ओवायला नाही सांगत."

मला राग आला. वीस वर्षं चष्मे विकलेला माणूस मला भिंग शिकवतो म्हणजे काय! मी मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि मूळ फोटो उघडला. पेपरात गेलेला नाही, पूर्ण. कारण पेपरात देताना मी तो कापला होता. डाव्या बाजूला एक पिवळं-काळं काहीतरी डोळ्यात खुपत होतं, आणि खाली रस्ता उगाच जास्त आला होता. नेहमीच कापते.

ते पिवळं-काळं म्हणजे वळणाच्या बाणांची पाटी होती. शिट्टीबाईंचं कोपर तिच्याआड झाकलेलं, म्हणजे त्या पाटीच्या पलीकडेच होत्या. अशी पाटी त्या रस्त्यावर एकच आहे, आणि ती वळणावर आहे. खाली, मी कापून टाकलेल्या पट्टीत, म्हातारबाबांच्या बुटाशी गटाराची लोखंडी जाळी होती.

बाई पाटीशी, बाबा जाळीशी, आणि मधलं अंतर मी कधी पाहिलंच नव्हतं. मी फळ्यावर खांब काढते, पोरांना सांगते की कंगव्यासारखे दिसले तरी प्रत्येक दातामध्ये एक घर मावतं. आणि साक्षीच्या खुर्चीत बसल्यावर मला रस्ता आठवलाच नाही. मला चौकोन आठवला. रस्ता माझ्याजवळ होताच कुठे? मी त्या रस्त्याने चाललेच नव्हते. गाडीतून उतरून कट्ट्यावर बसले, कट्ट्यावरून उठून गाडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिट्टीबाईंना फोन केला. त्या शाळेआधी आल्या. नवऱ्याने शेजारच्या गवंड्याकडून तीस मीटरची टेप आणली होती. वळणावर पाटी होती. बाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मग आम्ही दोघं टेप टाकत निघालो. एक टेप संपली, जाळी आली नाही. दुसरी टाकली. तीही संपली. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा दोन मीटरवर जाळी आली.

"बासष्ट," नवरा म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. बाई बोटाएवढ्या दिसत होत्या. मी हात वर केला, त्यांनीही केला. ओरडून सांगितलं, "बासष्ट!" त्यांनी कानाला हात लावून ऐकू न आल्याची खूण केली. शेवटी आम्हीच त्यांच्यापर्यंत चालत गेलो.

"बासष्ट मीटर," मी म्हणाले. "तुम्ही वळणावरच होतात. मी चुकले."

त्या पाटीला धरून खाली बसल्या. रडल्या नाहीत. रस्त्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे ती भाजी मी पाहिलीच नव्हती."

"नाही."

"आईला सांगते," त्या म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "पण तुम्ही समितीला सांगणार ना? नुसतं आईला पटून काही होणार नाही."

मी हो म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं. संपादकांना फोन केला तेव्हा ते आधी हसले.

"ताई, लोक फोटो लपवतात, खोटा निघाला तर. तुमचा खरा आहे आणि तुम्ही खोटा म्हणताय?"

"फोटो खरा आहे. मी त्यावरून जे सांगितलं ते खोटं आहे."

"हे वाचकांना कसं समजवायचं?"

"मी पोरांना समजावते ते फळ्यावर. तुम्हाला रस्त्यावर समजावते, या."

"बघू," ते म्हणाले. त्यांचं 'बघू' मी ओळखून आहे. पण एवढं मात्र झालं, की पूर्ण, न कापलेला फोटो छापायला ते तयार झाले. आतल्या पानावर.

मग नवा जबाब लिहून मी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. ते पेशाने दंतवैद्य. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांच्यासमोर खरं बोलतानाही तोंड मिटून घ्यावंसं वाटतं. ही समिती शर्यतीच्या आयोजकांनीच नेमलेली. वळणापासून जाळीपर्यंतच्या सबंध रस्त्याला त्यांनी एकच माणूस ठेवला होता आणि मध्ये दोरही बांधला नव्हता, हे मला टेप टाकली त्या दिवशी बाईंकडून कळलं होतं. बाई शेजारी उभ्या असतील तर चूक बाईंची. बाई बासष्ट मीटरवर असतील तर मधल्या बासष्ट मीटरांची चूक कुणाची, हा प्रश्न येतो. तो अध्यक्षांच्याही डोक्यात आला असणार, कारण ते लगेच म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदा लिहून दिलंत. आता उलटं लिहून देताय. आम्ही कुठलं खरं धरायचं?"

"कुठलंच धरू नका. येऊन बघा."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण गुरुवारी सकाळी आले. बरोबर समितीचा कारकून. मी जावयाला कट्ट्यावर त्याच जागी बसवलं, मागे तेच छोटं भिंग. कारकुनाला जाळीवर उभं केलं, नवऱ्याला वळणावर पाटीशी. शिट्टीबाई माझ्या मागे उभ्या होत्या, हात पाठीशी बांधून.

अध्यक्षांनी डोळा लावला.

"अरेच्चा," ते म्हणाले. "तुमचे मिस्टर आमच्या कारकुनाच्या कानात बोलतायत!"

"डोळा काढा आणि बघा."

त्यांनी काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. दातांचं दुखणं कुठल्या दातात आहे ते शोधताना करत असतील तसं तीन-चार वेळा. मग स्वतः चालत निघाले, जाळीपर्यंत, तिथून वळणापर्यंत, आणि पावलं मोजत, कारकुनाला घेऊन परत आले. वयाने सत्तरीचे. घामाघूम झाले.

"अंतराचं मान्य," ते म्हणाले. "लिहितो मी. बाई आपल्या जागेवर होत्या."

मागे बाईंनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"पण," अध्यक्ष म्हणाले, "बासष्ट मीटरवरून हात पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते. शिट्टीसाठीच तर उभं केलं होतं. फोटोत शिट्टी हातात आहे, तोंडात नाही."

"मी वाजवली होती," बाई म्हणाल्या. "ते रस्त्याकडे निघालेले दिसले तेव्हा लगेच. दोनदा. मग सायकली किती मागे आहेत ते बघायला मान वळवली. फोटो तेव्हाचा आहे."

"आधीचे फोटो असतील ना?" अध्यक्षांनी मला विचारलं. "तुम्ही नऊ काढलेत म्हणालात."

हा प्रश्न मी टेप टाकल्यापासून रोज स्वतःला विचारत होते. नऊपैकी तीन मी ठेवले. जिथे बाईंचा चेहरा स्वच्छ दिसत होता, तेवढेच. ज्यांत हात तोंडाशी आल्याने चेहरा झाकला जातो, असे फोटो मी कधीच ठेवत नाही. उरलेले पुसले, आणि तेच कार्ड दुपारी दुसऱ्या कामाला वापरलं. त्या सहांत हात होता का, तोंडाशी होता का, मला आठवत नाही. जे आठवतंय असं वाटतं, त्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मी हे सगळं सांगितलं.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "फोटो सोडा. तुम्ही तिथे होता. तुम्हाला शिट्टी ऐकू आली?"

शिट्टीबाई माझ्याकडे बघत होत्या. डोळे मिटायला हवे होते त्यांनी, म्हणजे मला सोपं गेलं असतं.

एक शब्द होता. 'आली.' कोण तपासणार होतं? त्यांचं मी केवढं नुकसान केलं होतं, आणि हा एक शब्द ते सगळं भरून काढणार होता. बाई खोटं बोलत नाहीत, याची मला खात्री होती. म्हणजे शब्द खरा, फक्त मी तो ऐकलेला नव्हता. मागच्या वेळीही मी खात्रीनेच बोलले होते.

"नाही," मी म्हणाले. "मी फार लांब होते. मागे लोक ओरडत होते. मला काहीच ऐकू आलं नाही."

बाईंनी मान खाली घातली. नवरा तोवर वळणावरून चालत आला होता; तो माझ्या जवळ येऊन जावयाचे पाय मिटायला लागला.

अध्यक्षांनी कारकुनाकडून वही घेतली आणि लिहिलं. लिहिता लिहिता, कुणाकडेही न बघता म्हणाले, "मला वाटत होतं, तुम्ही 'आली' म्हणाल. तसं म्हणाला असतात तर मी अंतराचंही परत खोडलं असतं."

अहवाल शुक्रवारी आला. बाई नेमून दिलेल्या जागी होत्या. शिट्टी वाजवल्याचं सिद्ध झालं नाही. आयोजकांनी यापुढे या पट्ट्यात दोर बांधावा. म्हातारबाबांच्या लेकीने तो वाचून मला फोन केला आणि विचारलं, मग चूक कुणाची? मी म्हणाले, माझी नक्की आहे, बाकीच्यांची तुम्ही विचारा. ती म्हणाली, तुमच्या फोटोने बाबा परत चालणार आहेत का? मी नाही म्हणाले. तिने फोन ठेवला.

शिट्टीबाई सोमवारी शाळा सुटल्यावर आल्या. हातात शाळेचं पत्र होतं.

"ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पण ताकीद दिलीय. मैदानाबाहेरचं काम द्यायचं नाही म्हणे यापुढे."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळेच. ठेवलंय तेही तुमच्यामुळे." त्या हसल्या नाहीत. "आईला सांगितलं बासष्ट मीटर. ती म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, पण वाजवलीस ना?"

नवऱ्याने त्यांना स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, समितीचं जाऊ दे. तुम्हाला काय वाटतं? मी वाजवली असेन का?"

"वाजवली असणार."

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय, की तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

मी शोधून पाहिलं. त्या सकाळचं माझ्याकडे जे काही आहे त्यात आवाज नाहीच. एक चौकोन आहे, आणि त्यात या बाई मान वळवून उभ्या आहेत.

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

त्यांनी ते पत्र चार घड्या करून पर्समध्ये ठेवलं आणि स्टूल ओढून बसल्या.

"मलाही," त्या म्हणाल्या.